तळ्याची गळती : अल्प बचत आणि निर्देशांक निधी

बचतीचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पोस्टातील आवर्ती ठेव, सहकारी पतसंस्थेतील खाते, पगारदारांची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, सन १९६८ मध्ये आलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना आणि गल्लोगल्ली चालणारी भिशी, अशा नाना वाटांनी येथील सामान्य कुटुंब आपल्या मिळकतीतील चार पैसे बाजूला टाकीत आले आहे. थेंबे थेंबे तळे साचे, हे तर आपण शाळेपासून ऐकतो. परंतु तळ्याला गळती किती आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पोस्टाच्या ठेवीत तो विचारण्याचे कारणही नव्हते. ठरलेले व्याज ठरल्या दिवशी हाती पडत असे. आता अल्प उत्पन्न असलेली माणसेदेखील दरमहा पाचशे-हजार रुपये म्युच्युअल फंडांत, म्हणजे पर्यायाने शेअर बाजारात, गुंतवू लागली आहेत. तेथे या गळतीचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रस्तुत लेखात अशा गुंतवणुकीच्या एका साध्या प्रकाराची माहिती द्यावयाची आहे. त्याचे नाव निर्देशांक निधी किंवा बाजारात रूढ असलेल्या शब्दांत इंडेक्स फंड.

निर्देशांक म्हणजे काय ?

मुंबई शेअर बाजाराची स्थापना १८७५ मधील. या बाजारातील ३० प्रमुख कंपन्यांच्या समभागांच्या किमतींवरून काढलेला सेन्सेक्स हा निर्देशांक १ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९७८-७९ हे वर्ष पायाभूत धरून त्या वर्षीची पातळी १०० मानण्यात आली. पुढे राष्ट्रीय शेअर बाजाराचा ५० कंपन्यांचा निफ्टी हा निर्देशांक १९९६ मध्ये आला. त्याची पायाभूत तारीख ३ नोव्हेंबर १९९५ असून त्या दिवशीची पातळी १,००० धरली आहे. ज्या कंपनीच्या खुल्या बाजारात फिरणाऱ्या समभागांचे एकूण मूल्य मोठे, तिला निर्देशांकात वजन अधिक, असे आज या दोन्हींचे सूत्र आहे. कंपन्यांची यादी कायमची नसते. ठराविक कालावधीने तिचा आढावा घेतला जातो. मागे पडलेली कंपनी वगळली जाते आणि पुढे आलेली तिच्या जागी घेतली जाते.

निर्देशांक निधी एवढेच करतो की, लोकांकडून जमा झालेला पैसा त्या यादीतील सर्व कंपन्यांत, यादीतील वजनाच्या प्रमाणातच गुंतवितो. कोणती कंपनी चांगली, कोणती वाईट, यावर तो मत बनवीत नाही. यादी बदलली की त्याची खरेदी-विक्री बदलते. या कामासाठी मोठ्या पगाराच्या तज्ज्ञांचा ताफा लागत नाही आणि म्हणून त्याचा खर्च कमी राहू शकतो.

ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला काहीशी आळशीपणाची वाटते. अमेरिकेतही तशीच वाटली होती. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९७४ मध्ये एका लेखाद्वारे असे आव्हान दिले की, व्यावसायिक व्यवस्थापक बाजाराच्या सरासरीहून सातत्याने अधिक मिळवून देतात, याचा पुरावा कोणी तरी पुढे ठेवावा. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड संस्थेने सर्वसामान्यांसाठी पहिला निर्देशांक निधी बाजारात आणला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले १ कोटी १३ लाखांच्या आसपास. लोकांनी त्याला ‘बोगल यांचा वेडेपणा’ असे नाव ठेवले. आज त्याच प्रकारचे निधी जगातील सर्वांत मोठ्या निधींत गणले जातात. भारतात असे निधी १९९०-२००० या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, तथापि दीर्घकाळ त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या जमा रकमेचा काही भाग सेन्सेक्स व निफ्टीवर आधारलेल्या निधींत गुंतविण्यास प्रारंभ केला. म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे सभासद असलेल्या आपल्या कित्येक वाचकांचा या प्रकाराशी संबंध, त्यांना ठाऊक नसतानाही, आलेलाच आहे.

सरासरीचे गणित

तज्ज्ञ व्यवस्थापक निवडून-पारखून समभाग घेत असता केवळ यादीनुसार चालणारा निधी त्याच्या तोडीस तोड कसा ठरावा ? या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेले विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एका छोट्या लेखात दिले. त्याचा आशय असा : बाजारातील प्रत्येक समभाग कोणाच्या तरी मालकीचा असतोच. सर्व मालकांना मिळून जो परतावा मिळतो तो म्हणजेच बाजाराचा परतावा. यांपैकी जे केवळ निर्देशांकानुसार चालतात त्यांना, खर्च वजा जाता, बाजाराइतका परतावा मिळतो. मग उरलेल्या सर्वांची, म्हणजे निवड करणाऱ्यांची, एकत्रित सरासरीही बाजाराइतकीच असली पाहिजे; कारण एकाने सरासरीहून अधिक मिळविले तर दुसऱ्या कोणाला तरी कमी मिळालेले असते. आता निवड करणाऱ्यांचा खर्च अधिक. तेव्हा खर्च वजा केल्यावर त्यांची सरासरी मागे राहणार, हे वजाबाकीनेच सिद्ध होते.

याचा अर्थ कोणीही व्यवस्थापक बाजारापुढे जात नाही, असा नव्हे. भारतातही काही निधींनी काही काळ निर्देशांकाला खूपच मागे टाकले आहे. अडचण अशी की, पुढील वीस वर्षांत कोण पुढे राहील हे आज सांगता येत नाही, आणि मागील पाच वर्षांची यशस्वी नावे पुढील पाच वर्षांत तशीच टिकतात असेही नाही. बाजार किती वाढेल हे गुंतवणूकदाराच्या हाती नाही आणि व्यवस्थापकाचे नशीबही नाही. खर्च किती द्यावयाचा, हे मात्र आहे.

एक टक्का म्हणजे किती ?

निधी चालविण्याचा खर्च शेकडेवारीत सांगितला जातो आणि तो वर्षाच्या शेवटी बिल पाठवून वसूल होत नाही. तो रोज, थोडा थोडा, निधीच्या मालमत्तेतून वजा होतो व उरलेल्या मालमत्तेवरून युनिटचे त्या दिवशीचे नक्त मूल्य काढले जाते. गुंतवणूकदाराला पावतीवर तो कोठेही दिसत नाही. गळती लक्षात येत नाही ती यामुळे.

उदाहरणादाखल नगरपालिकेच्या शाळेतील एका शिक्षिकेचा विचार करू. तिने दरमहा रु. १,००० याप्रमाणे २५ वर्षे रक्कम भरली. एकूण भरणा रु. ३ लाख. खर्च वजा होण्यापूर्वी बाजाराने वर्षाला शेकडा १० या दराने परतावा दिला, असे केवळ हिशेबासाठी धरू. प्रत्यक्षात असा सरळ दर कधीच मिळत नाही. निधीचा वार्षिक खर्च शेकडा ०.२० असेल तर २५ वर्षांच्या अखेरीस तिच्या हाती सुमारे १२ लाख ८२ हजार रुपये येतील. खर्च शेकडा १ असेल तर सुमारे ११ लाख २१ हजार. आणि खर्च शेकडा २ असेल तर सुमारे ९ लाख ५१ हजार.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांतील अंतर ३ लाख ३१ हजार रुपयांचे आहे. या शिक्षिकेने पंचवीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन जेवढे पैसे भरले, त्याहून अधिक रक्कम खर्चातील फरकापोटी गेली. ‘दोन टक्क्यांनी काय होते’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा. ज्याप्रमाणे व्याजावर व्याज चढते, त्याचप्रमाणे खर्चावरही खर्च चढतो, कारण आज वजा झालेला रुपया पुढील सर्व वर्षांच्या वाढीलाही मुकतो.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, निर्देशांक निधींच्या खर्चावर २०१८ मध्ये शेकडा १ ची कमाल मर्यादा घातली. प्रत्यक्षात निफ्टी किंवा सेन्सेक्सवरील अनेक निधींच्या थेट योजनांचा खर्च शेकडा पाव टक्क्याच्या आसपास वा त्याहूनही कमी आढळतो. समभाग निवडून घेणाऱ्या निधींच्या, मध्यस्थामार्फत विकल्या जाणाऱ्या योजनांत तो शेकडा दीड ते दोनच्या घरात असू शकतो.

निवड करताना

एकाच निर्देशांकावर आधारलेले दोन निधी म्हणजे एकाच गिरणीतून आलेले, दोन दुकानांत ठेवलेले एकाच जातीचे कापड होय. एका दुकानात भाव अधिक असेल तर ते तेथून घेण्याचे कारण काय ? तेव्हा प्रथम खर्चाची शेकडेवारी पाहावी. ती निधीच्या मासिक माहितीपत्रकात आणि संकेतस्थळावर दिलेली असते, आणि ती बदलूही शकते. म्हणून वर्षातून एकदा पुन्हा पाहणे इष्ट.

तथापि केवळ जाहीर खर्चावर थांबू नये. निधीचा परतावा आणि निर्देशांकाचा परतावा यांत प्रत्यक्ष तफावत किती पडली, ही खरी कसोटी होय. निधीकडे काही रोकड पडून राहते, यादी बदलते तेव्हा खरेदी-विक्रीचा खर्च येतो, कामात दिरंगाईही होते. या साऱ्यांचा परिणाम तफावतीत उमटतो. तुलना करताना लाभांश धरून काढलेला, म्हणजे एकूण परताव्याचा, निर्देशांक घ्यावा. वृत्तपत्रात रोज छापून येणाऱ्या सेन्सेक्सच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो. त्याच्याशी तुलना केल्यास सामान्य निधीदेखील उगाच कर्तबगार भासतो. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने निधींना ही तुलना एकूण परताव्याच्या निर्देशांकाशीच करावयास लावली आहे. एका वर्षाची तफावत पाहून निष्कर्ष काढू नये. तीन ते पाच वर्षांची पाहावी. खर्च कमी आणि तफावतही सातत्याने कमी, असा निधी निवडावा.

यानंतरचा प्रश्न थेट योजनेचा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक निधीला मध्यस्थाशिवाय घेता येईल अशी थेट योजना ठेवावी लागते. नियमित योजनेत मध्यस्थाचे कमिशन खर्चात मिळविलेले असते, थेट योजनेत ते नसते. मध्यस्थाचे कमिशन म्हणजे पाप नव्हे. ज्याला अर्ज भरण्यापासून वारसाच्या कागदपत्रांपर्यंत हाताला धरून नेणारे माणूस हवे, त्याने त्याचा मोबदला द्यावा हे न्याय्यच आहे. मात्र आपण तो देत आहोत हे त्याला ठाऊक असावे, आणि त्या मोबदल्यात सेवा खरोखर मिळत असावी. निर्देशांक निधीत निवडीचे काम थोडेच असते. ज्याला बँकेचे व्यवहार मोबाइलवर जमतात त्याला पॅन, ओळखीची पूर्तता आणि बँक खाते एवढ्या सामग्रीवर थेट योजना घेणे कठीण नाही. दरमहा ठराविक तारखेला रक्कम आपोआप वळती करण्याची, म्हणजे एस. आय. पी.ची, सोय असते व अनेक निधी शंभर किंवा पाचशे रुपयांपासून ती देतात. महिन्याची कोणती तारीख शुभ, याचा खल करण्यात अर्थ नाही. पगारानंतरची घ्यावी म्हणजे झाले.

शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणारे ई. टी. एफ. हेही याच कुळातील. त्यांचा जाहीर खर्च बहुधा आणखी कमी असतो. परंतु त्यासाठी डीमॅट खाते लागते, दलाली पडते, आणि व्यवहार तुरळक असतील तर नक्त मूल्याहून अधिक किमतीला खरेदी होण्याचा संभव राहतो. दरमहा हजार रुपये घालणाऱ्यास साधा निधीच सोयीचा.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. निर्देशांक हा शब्द लोकप्रिय झाल्यापासून त्याच्या आश्रयाने पुष्कळ माल बाजारात आला आहे. एखाद्याच उद्योगक्षेत्राचा किंवा नुकत्याच चढलेल्या मोजक्या कंपन्यांचाही निर्देशांक काढता येतो आणि त्यावर निधी काढता येतो. नाव निर्देशांक निधीचे असले तरी असा निधी म्हणजे एकाच पिकावर लावलेली सगळी शेती होय. व्यापक निर्देशांकही पूर्णपणे समतोल असतो असे नाही. निफ्टीत बँका व वित्तसंस्थांचे वजन एकूण वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. परंतु पहिल्याच निधीसाठी निफ्टी, सेन्सेक्स किंवा त्याहून व्यापक असा पाचशे कंपन्यांचा निर्देशांक यांपलीकडे जाण्याची गरज दिसत नाही. यांतील दोन-तीन एकदम घेण्याचीही नाही, कारण त्यांतील मोठ्या कंपन्या बव्हंशी त्याच असतात.

धोका कोठे आहे ?

पैसे बुडतील का, हा प्रश्न महाराष्ट्रातील माणूस विचारतो तेव्हा त्यामागे अनुभव असतो. दामदुप्पट देणाऱ्यांनी येथे इतक्या संसारांना हात दाखविला की, ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘युनिट ६४’ ही योजना मध्यमवर्गाने बँकेच्या ठेवीइतकीच निर्धोक मानली होती. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी स्थगित झाली तेव्हा कित्येक निवृत्तांची झोप उडाली. त्या योजनेत युनिटची जाहीर किंमत आणि त्यामागील मालमत्तेचे खरे मूल्य यांची फारकत झालेली होती. आज प्रत्येक निधीला नक्त मूल्य रोज जाहीर करावे लागते. निधी विश्वस्त पद्धतीने चालतो आणि त्याचे समभाग वेगळ्या अभिरक्षक संस्थेकडे राहतात. व्यवस्थापन करणारी कंपनी अडचणीत आली तरी तिच्या देण्यांसाठी ही मालमत्ता वापरता येत नाही.

एखादी कंपनी बुडाल्यास काय होते, याचे उदाहरण सत्यम कंप्युटरचे आहे. जानेवारी २००९ मध्ये तिच्या हिशेबांतील लबाडी उघडकीस आली तेव्हा ती सेन्सेक्स व निफ्टी या दोन्हींत होती. त्याच महिन्यात ती दोन्हींतून काढण्यात आली. ज्याने सारी पुंजी सत्यममध्ये घातली होती त्याची वाताहत झाली. निर्देशांक निधीच्या धारकाला मात्र लहानसा ओरखडाच गेला.

खरा धोका सबंध बाजार कोसळण्याचा, आणि त्यावर निर्देशांक निधीपाशी कसलाही उपाय नाही. बाजार पडला की तोही तेवढाच पडतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला होता. २३ मार्च २०२० या एका दिवसात तो ३,९३४ अंशांनी, म्हणजे शेकडा १३ ने, घसरला. याहूनही विचार करावयास लावणारा काळ त्याआधीचा आहे. रोखे घोटाळा उघड होण्याच्या सुमारास, एप्रिल १९९२ मध्ये, सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षे गेली आणि आकडा उलट खाली आला. ‘दीर्घ मुदतीत बाजार वाढतोच’ असे सहजपणे सांगणाऱ्यांनी ही अकरा वर्षे आपल्या श्रोत्यांपासून लपवू नयेत. पुढे २००७ च्या अखेरीस हाच सेन्सेक्स २० हजारांवर पोचला हेही खरे. पण तोवर धीर धरून राहणे कोणाला जमले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दरमहा ठराविक रक्कम भरणाऱ्याला अशा काळात एक लाभ असतो. भाव पडलेले असताना त्याच हजार रुपयांत अधिक युनिटे येतात. मात्र हा लाभ भरणा चालू ठेवणाऱ्यालाच मिळतो. पडझडीत हप्ता थांबविणारा आणि तेजीत पुन्हा सुरू करणारा गुंतवणूकदार नेमक्या महाग काळात खरेदी करतो, आणि मग खर्चात वाचविलेले सारे यातच गमावतो.

याच कारणाने काही पथ्ये आधी पाळावी लागतात. घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे बँकेत किंवा पोस्टात असावेत, म्हणजे आजारपणात निधी मोडावा लागत नाही. सावकारी व्याजाचे किंवा क्रेडिट कार्डाचे देणे असेल तर ते प्रथम फेडावे. तेवढे व्याज वाचविणारी दुसरी गुंतवणूक नाही. आयुर्विमा आणि आरोग्यविमा स्वतंत्र घ्यावा, गुंतवणुकीत मिसळलेला नको. पाच-सात वर्षांच्या आत मुलीच्या शिक्षणाला किंवा घराला लागणार असलेली रक्कम या वाटेला आणू नये. आणि सगळीच बचत येथे नको. भविष्य निर्वाह निधी व पोस्टाच्या योजना यांचे स्थान त्यांच्या जागी आहेच.

पैसे काढताना

काढण्याची वेळ जवळ आली की शेवटच्या तीन-चार वर्षांत रक्कम टप्प्याटप्प्याने ठेवींत वळवावी. निवृत्तीच्या महिन्यातच बाजार पडलेला असला तर पंचवीस वर्षांच्या शिस्तीवर पाणी फिरते. या विक्रीवर कर लागू होतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या तरतुदींनुसार एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभाग निधीच्या विक्रीवरील नफा वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंत करमुक्त असून त्यावरील नफ्यावर शेकडा १२.५० कर आहे; त्याआधीच विकल्यास तो शेकडा २० आहे. नियमित योजनेतून थेट योजनेत जाणे हेदेखील कराच्या दृष्टीने विक्रीच मानले जाते. तेव्हा जुनी युनिटे एकदम हलविण्यापूर्वी हिशेब करावा; नवे हप्ते मात्र लगेच थेट योजनेत सुरू करता येतात.

अर्ज भरताना नामनिर्देशनाचा रकाना मोकळा सोडू नये, आणि घरातील निदान एका माणसाला खात्याची माहिती लेखी देऊन ठेवावी. निधीच्या कार्यालयाकडून तक्रारीचे निवारण न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या, २०११ पासून चालू असलेल्या, तक्रार यंत्रणेकडे ती विनामूल्य नोंदविता येते.